निंबवाडीचा अडवलेला गाडा

मरीआईला कुणी ठेवून घेत नाही. आली की तिची ओटी भरायची, दहीभात दाखवायचा, आजाऱ्यांच्या अंगावरची लुगडी-धोतरं तिच्या लाकडी गाड्यात घालायची आणि वाजतगाजत गाडा शेजारच्या गावाच्या शिवेत सोडून यायचं. शेजाऱ्यानं तो पुढच्याच्या शिवेत ढकलायचा. देवीची बोळवण म्हणतात याला! निजामाच्या अमलात, अंबड तालुक्यात, त्या साली जुलाब-उलट्यांची पटकी, म्हणजे मरीआईच, अशी गावोगाव बोळवली जात निंबवाडीला पोचली.

तिच्या मागोमाग सफाई दरोगा केशवराव आले. त्यांनी विहिरीत लाल दवा टाकली, वाटांवर शिपाई बसवले, आतल्यानं बाहेर जाणं आणि बाहेरच्यानं आत येणं बंद केलं. मग पारावर गाव गोळा केलं.

"पटकी कुठं आधी लागली, कुठं नंतर, हे गावोगाव विचारून आलोय. जिथं गाडा गेला तिथं ती मागून गेली. ते घाण कपडे ओढ्यात भिजतात आणि खालचं गाव तेच पाणी पितं. गाडा जागचा हलवायचा नाही."

गाव हबकलं. माणसं कोंडली ते एक वेळ सोसलं असतं, पण दरोग्यानं तर देवीलाच त्यांच्यात कोंडून घातलं.

सगळ्यांत जास्त कोंडली गोजरबाई. नवरा रखमाजी घरात आडवा पडलेला, डोळे खोल गेलेले, आवाज बसलेला. आणि ओढ्याच्या पल्याड बोरवाडीत एकुलती एक लेक साळू नांदत होती, पहिलटकरीण. गाडा राहिला तर नवरा जाणार, असं गाव म्हणत होतं. गाडा गेला तर लेक जाणार, असं दरोगा म्हणत होता. इकडे आड, तिकडे विहीर. गोजरबाईला दोघांचंही खरं वाटत होतं, आणि तेच फार वाईट होतं.

दिवेलागणीला कडूबा आला. रखमाजीचा धाकटा भाऊ, आणि गावाचा म्होरक्या.

"वैनी, समद्या वाटा बंद हायेत. तुमच्या वावरात मातर शिपाई न्हाई. तिथून जल्दी गाडा वढ्याला घालतो. तुम्ही फकस्त गप ऱ्हा."

"पल्याड साळू हाय, भावजी."

"बोरवाडीवाले देतील की फुडं ढकलून! त्यांला हात न्हाईत का? हितं दादा मरून राह्यलाय!"

गोजरबाईनं नवऱ्याच्या ओठांत उकळलेल्या पाण्याचा बोळा पिळला आणि वावराकडं निघाली. कडूबाला वाटलं, वाट दाखवायला चालली.

गाडा बांधापाशी आला. वाजंत्री नव्हती, चोरासारखी माणसं खांदा लावून होती. पलीकडं बोरवाडीतले दिवे दिसत होते. त्यातला साळूचा कोणता, ते गोजरबाईला ठाऊक नव्हतं. तिनं बोंब ठोकली.

"शिपाई! धावा रं! गाडा चाललाय!"

शिपाई धावले. केशवरावांनी तिच्याच वावरात ते कपडे जाळले. गोजरबाई जाळाकडं पाठ करून हात जोडत राहिली. जाताना कडूबा तिच्या पायापाशी थुंकला.

"नवरा खाल्ला तू!" आजवर वहिनीशी तो कधी एकेरीत बोलला नव्हता.

घरी रखमाजीनं डोळे उघडले. "गाडा गेला का गं?"

"गेला," गोजरबाई म्हणाली. "पार पल्याड गेला."

"मंग बरं झालं," तो म्हणाला. उजाडायच्या आत तो गेला.

खांदा द्यायला गावातून कुणी येईना. शेवटी शिपायांनीच उचलला. बातमी ओढ्यावरून हाका मारत बोरवाडीला गेली आणि साळू पोट सावरत पल्याडच्या काठावर येऊन उभी राहिली. गोजरबाई पाण्याकडं धावली, तसं शिपायानं काठी आडवी धरली.

"माय!" साळू पल्याडून ऊर बडवून ओरडत होती. "गाडा आडवला म्हून बा गेला म्हणत्यात! कुणी आडवला गं? त्याचं तळपट होवो! त्याला पानी पाजायला कुनी न उरो!"

शिपायानं गोजरबाईकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

"आसं बोलू नगं, साळे. पोटुशी हायेस," गोजरबाई काठीच्या अलीकडून म्हणाली. "घरी जा माय. आन् वढ्याचं पानी पिऊ नगं. उकळून पी."