त्रिशुळातला करंट

"लाइनीत या, लाइनीत! ओल्या पायानं या! कोरड्या पायाले देवी भेटत नाही!"

कोष्टीपुऱ्यातल्या आमच्या नवरात्राच्या मांडवात सकाळी सातपासून ही रांग. विटांवर उभा केलेला लोखंडी पाइपांचा मांडव, पुढच्या पाइपाला बांधलेला पाच फुटी त्रिशूळ, आणि शेजारी लाकडी पाटावर उभा राहून त्रिशूळ धरलेला प्रेमानंद बाबा. बादलीत पाय बुचकळायचे आणि त्रिशुळाला हात लावायचा. लावला की माणूस "आई गं!" करून दचकायचा आणि रांग जयजयकार करायची.

"आल्या झिणझिण्या? गेली गुडघेदुखी! शक्ती हाय ही, टीव्हीवरची जाहिरात नाही!"

एक जण रबरी चपला घालून आला, त्याला काहीच जाणवलं नाही. बाबा म्हणाला, "पाप हाय तुझ्यात. चपला काढ, पाय धू." पाय धुताच पाप गेलं आणि झटका बसला! या बाबानं साबणाचा कारखाना काढायला हवा होता.

मला मात्र हसण्याचा हक्क नाही. मी वसंत हेडाऊ, वायरमन. त्या मांडवाची लायटिंग माझीच. झिणझिण्या कुठून येतात, हे मला त्या सुरू झाल्या त्याच दिवसापासून माहीत होतं.

केबल कमी पडली म्हणून मांडवामागे मी सांधा मारला होता. आमचं घराणं विणकरांचं. माझे वडील मागावर नवा ताणा जोडताना बोटांना राख लावून जुन्या धाग्याला नव्या धाग्याचा नुसता वळ द्यायचे. गाठ नाही, सगळे सांधे एका ओळीत. हातची सवय ती! मीही दोन्ही तारा एकाच जागी सोलल्या, शेजारी शेजारी वळ दिला, वरून खोक्यांना लावायची पारदर्शक चिकटपट्टी गुंडाळली आणि सांधा पाइपाला बांधून मोकळा झालो. विजेची काळी टेप खिशात नव्हती, दुकान दोनशे पावलांवर होतं. आळस केला, दुसरं काय! तिसऱ्या माळेला पाऊस आला, पट्टी सुटली आणि वीज पाइपात उतरली.

एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. पण 'वसंताचं काम म्हणजे बघायला नको' हे तीस वर्षांचं नाव! गुपचूप सांधा बदलायला गेलो, तर मागे बाबाचे दोन चेले पहाऱ्याला. म्हणजे बाबालाही सगळं कळलेलं होतं. मी तसाच परत आलो.

सातव्या माळेला शेजारची धनश्री घरी आली. ती शाळेत विज्ञान शिकवते. तिची आई प्रयागबाई, दोन महिन्यांपूर्वी लकवा मारून डावा हात लुळा पडलेली.

"वसंतदादा, मायनं बीपीची गोळी बंद केली. हाताचा व्यायामही. बाबा म्हणते, उद्या आरतीभर पाण्याच्या परातीत उभी राहून त्रिशूळ धर, हात उठते. तुम्हाले तारांचं समजते. हे काय होऊन राहिलं?"

मी तिच्याकडे न बघता म्हणालो, "देवीचं देवी जाणे, बाई."

थू माझ्या जिनगानीवर!

दुसऱ्या दिवशी आरतीला धनश्री टेस्टर घेऊन आली. तिनं तो त्रिशुळाला लावला. आतला दिवा पेटला.

"पाहा, करंट हाय यात!"

"देवीचं तेज हाय ते!" बाबा ओरडला. झाला पुन्हा जयजयकार.

"मंग बाबा, पाटावरून खाली या. पाय ओले करा आन् धरा त्रिशूळ."

"गुरूले आसन सोडता येत नाही."

"काहून? भेव वाटते काय?"

कुणीतरी खुदकन हसलं. पण प्रयागबाई परातीत उतरल्या होत्या. "बाजूले हो वं पोरी," त्या म्हणाल्या, "मले नातीची वेणी घालायची हाय. दोन हात लागते त्याले." आणि त्यांनी चांगला हात पुढे केला.

मी धावलो. आयुष्यात तसा धावलो नाही. मेन स्विच पाडला आणि ओरडलो, "धरा आता! कुणीबी धरा!"

धनश्रीनं धरला. पाच-सहा जणांनी धरला. काही नाही. थंड लोखंड. पहाऱ्याचे चेले आरतीला पुढे आले होते; मी मागून सांधा सोडवून आणला आणि सगळ्यांपुढे धरला. उघडं तांबं, लोंबणारी पट्टी.

"हे माझ्या हातचं हाय. ओल्या पायातून करंट जमिनीत जाते, म्हणून झटका बसते. बाबा कोरड्या लाकडावर उभा हाय, म्हणून त्याले बसत नाही."

लोक पाटाकडे वळले, तर पाट रिकामा.

प्रयागबाई परातीतच उभ्या होत्या. "वसंता, तुले कधीपासून माहीत होतं गा?"

"पाच दिवस."

"मी मेली असती ना आज."

त्यांची गोळी त्याच दिवशी सुरू झाली. डॉक्टर म्हणतात, व्यायाम केला तर हात बराच सुधारेल, पण सुरुवातीचा एकेक दिवस मोलाचा असतो. त्यातले काही माझ्यामुळे गेले. त्या माझ्याशी बोलत नाहीत, आणि बरोबरच आहे.

सांधा कसा मारावा? दोन तारा वेगवेगळ्या अंतरावर सोला, म्हणजे सांधे समोरासमोर येत नाहीत. घट्ट पिळा, टोक दुमडा. प्रत्येक तारेवर काळी टेप वेगळी, निम्मा वेढा निम्म्यावर चढवत, मग दोन्हींवर मिळून. उघड्यावर असेल तर सांधा बंद डबीत ठेवा आणि लोखंडापासून लांब. हे मी आता प्रत्येक मंडळाला जाऊन सांगतो.

आणि देवी मानायची की नाही, हे तुमचं तुम्ही बघा. पण लोखंडाला हात लावून झटका बसला, तर जयजयकार करू नका, आधी स्विच पाडा. बाबा खोटं बोलला, तो त्याचा पोटाचा धंदाच होता. ज्याला खरं माहीत होतं तो लाजेपायी गप्प बसला, म्हणून एक बाई त्या परातीत उतरली. तुम्हाला माहीत असेल तर बोला. नाव गेलं तरी बोला.