एकशे बारा नंबरचा बिल्ला

भुईगावच्या मार्सेलने खडकडोहचा इतिहास लिहायला घेतला आणि चौदा पानं झरझर लिहून काढली. खडकडोह म्हणजे विदर्भाच्या टोकाला, ऐन जंगलात कंपनीनं वसवलेलं मँगनीज खाणीचं गाव. शाळा कंपनीची, दवाखाना कंपनीचा, देऊळ आणि चर्चही कंपनीचंच. नळाला पाणी कधी सोडायचं तेसुद्धा मॅनेजर ठरवणार. खाण बंद पडली, गाव ओस पडलं. तिथली काही कुटुंबं वसई-विरारला येऊन राहिली, त्यांच्या मेळाव्यासाठी ही पुस्तिका. सगळं छान चाललं होतं. पंधराव्या पानावर १९८४ साल आलं आणि आमच्या मार्सेलबाबांचं पेन जे अडलं ते आठ दिवस हलेना.

नवव्या दिवशी आशालता विरारहून रिक्षा करून आली. तिचा नवरा श्रीरंग त्याच साली खाणीतल्या अपघातात गेला होता. व्हरांड्यात टेकली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "मार्सेलभाऊ, एक मागायला आलेय. पुस्तकात ह्यांचं नाव घालू नका. अनुष्काचं, माझ्या नातीचं, लग्न ठरतंय. आजोबा दारू पिऊन मेले हे तिच्या सासरी कळायला नको."

मार्सेलला सुटल्यासारखं वाटलं. हो, वाटलं, लपवायचं कशाला? नुसतं 'बरं' म्हणायचं की मोकळा. आणि लगेच त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना.

खाणीत उतरताना प्रत्येकानं फळ्यावरचा आपल्या नंबरचा पितळी बिल्ला न्यायचा, वर आल्यावर परत टांगायचा. फळा भरला की हजेरीबाबूनं भोंगा द्यायचा, मगच सुरुंग. हजेरीबाबू होता मार्सेल. त्या दिवशी खाणवाल्यांच्या संत बार्बराचा सण, चार वाजता चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना, आणि त्यातलं बायबलचं वाचन मार्सेलकडे. एकच खिळा रिकामा, एकशे बारा. लोक बिल्ला खिशात घालून तसेच घरी जायचे, नेहमीचंच होतं ते. त्यानं टेबलाच्या खणातला जादा बिल्ला टांगला, भोंगा दिला आणि चर्चकडे पळाला. श्रीरंग खालीच होता.

मॅनेजरनं लिहून आणलं, माणूस दारूच्या नशेत भोंग्यानंतर आत शिरला. खाली साक्षीदार म्हणून मार्सेलनं सही केली. नोकरी, क्वार्टर, पोरांची शाळा, सगळंच कंपनीच्या मुठीत होतं हे खरं. पण ही सबब त्यानं फादरपुढेही कधी सांगितली नव्हती, कारण मुळात हे पापच सांगितलं नव्हतं.

"वहिनी, श्रीरंग प्यायला नव्हता," तो म्हणाला. मग जमिनीकडे बघत सगळं सांगितलं, खिळा, बिल्ला, भोंगा, सही. एकही गोष्ट गाळली नाही.

"घरात कधी वास आला नव्हता," ती म्हणाली. "मॅनेजरचं मी मानलंच नसतं. खाली तुमची सही होती, म्हणून मानलं."

माफी मागायला मार्सेलनं तोंड उघडलं आणि मिटलं. कुठल्या तोंडानं मागणार?

"आता त्यांचं नाव घाला," ती उठली. "तुमचंही घाला."

पायरीवर ती थांबली.

"चाळीस वर्षं झाली. घरात त्यांचा फोटो आहे, भाऊ. मी एकदाही हार घातला नाही."