बायडाबाईचा डावा खुबा

मी बायडाबाईचा डावा खुबा बोलतोय. मांडीचं हाड कमरेत जिथं बसतं, तिथं माझं बिऱ्हाड. गुडघ्याची कुरकुर निदान सगळे ऐकतात. माझी आठवण मात्र मी मोडल्यावरच येते. आणि मला मोडायचं नाही. मी फार भ्यालोय.

कसबा बावड्यात बायडाबाईच्या गोठ्यात जन्मभर म्हशी. उकिडवं बसून धार काढायची आणि भरली चरवी घेऊन झटक्यात उठायचं. तो झटका माझा. तेव्हा माझा तोरा काय सांगू! दूध मात्र माझ्यापर्यंत कधी पोचलं नाही. आधी गिऱ्हाईक, मग तालमीत जाणारा लेक उदयसिंह, उरलंसुरलं मांजराला. बाई स्वतः कोऱ्या चहावर. तरी चारचौघींत ठसक्यात म्हणायची, "दुधाच्या घरातली हाडं हाईत, मोडायची न्हाईत." घरात दूध असलं की ते हाडांत आपोआप उतरतं, असा तिचा समज. इकडे मी आतून पोखरत चाललो होतो.

गेल्या उन्हाळ्यात उंबऱ्याला अडखळून तिचं मनगट मोडलं, तेव्हा सून संयोगिता तिला दवाखान्यात घेऊन गेली. मला यंत्राखाली निजवून तपासलं. हाडं ठिसूळ झालीत, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पुढं खुबा मोडायचा धोका किती, हे ठरवायला त्या एकेक विचारू लागल्या. वय झालं, वजन झालं, मनगटाचं झालं. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या आईचा किंवा वडिलांचा खुबा मोडला होता का?"

मोडला होता. बिद्रीला, माहेरच्या गोठ्यातच. बायडाबाईची आई अंबूबाई शेणावरून घसरली ती अंथरुणाला खिळली, पुढची दिवाळी तिनं पाहिली नाही. तिची कूस बदलायला बायडाबाईच तर होती. पण हे सांगितलं असतं, तर उदयसिंहनं उरलेली एक म्हैस वडगावच्या बाजारात विकली असती. तो निमित्तच शोधत होता.

"न्हाय की," बायडाबाई म्हणाली. "म्हातारी चालतीबोलती गेली."

धोका होता त्याहून कमी निघाला. गोळ्या मिळाल्या, ओल्या फरशीवर जाऊ नका अशी ताकीद मिळाली, आणि संयोगिता निर्धास्त झाली. मी कुणाला सांगणार? हाडाला बोलायचं ते दुखण्यातून, आणि पोखरताना आम्ही दुखत नाही. तेव्हापासून बाईचं पाऊल जरा वाकडं पडलं की माझा थरकाप होतो.

बाईनं मात्र गोठा सोडला नाही. आत्ता, दिवेलागणीला, ती म्हशीखाली बसली होती. गोठा नुकताच धुतलेला. चरवी उचलून ती उठायला गेली आणि पाय सरकला. चरवी कलंडली, दूध फरशीभर झालं. खांब हाताला लागला म्हणून बाई निभावली, पण अर्धवटच. धड उठता येत नाही, धड बसता येत नाही. मांडी लटलट कापतेय. सगळा भार माझ्यावर आलाय.

जन्मात जिनं उठायला कुणाचा हात मागितला नाही, ती आता हाक मारतेय.

"संयोगिता, हात दे गं. माझ्या आईचा खुबा गोठ्यातच मोडला हुता. म्या खोटं सांगितलं."

आत मिक्सर चालू आहे. बाई पुन्हा हाक मारते, आवाज चिरकतो. दुधात पाय हळूहळू पुढं सरकत चाललाय.

पोरी, तो मिक्सर बंद कर. मी अजून धरून आहे.