पाणी पिवळं झालं पाहिजे

मी बोलतेय ती जलशुद्धीकरण केंद्राच्या भिंतीवरून. मी एक पदविका. पाणी शुद्ध करण्याच्या शिक्षणाची, पहिल्या वर्गाची. सोनेरी शिक्का खरा आहे, विचारण्याआधीच सांगून टाकते.

इथलं पाणी तपासणाऱ्या बाईंनी दोन वर्षं खपून मला मिळवलं. घरी आणलं तेव्हा त्यांच्या आत्या म्हणाल्या, "एवढं शिकून शेवटी पाणीच भरणार ना!" वडील सुतार. त्यांनी माझ्यासाठी चौकट बनवली.

मला इथे टांगलं त्या दिवशी नगराध्यक्षांनी भाषण केलं. "अशा पदव्यांवरच देश उभा असतो!" मी स्वतः एका खिळ्यावर होते, पण ऐकून बरं वाटलं.

दर तासाला बाई काचेच्या नळीत पाणी घेत, औषधाचे थेंब टाकत. पाणी पिवळं झालं म्हणजे जंतू मारणारं क्लोरीन पुरेसं आहे. नाही झालं, तर गावाचा पुरवठा बंद. एकदा अध्यक्षांच्या घरी पाहुणे असताना बाईंनी चार तास पाणी बंद ठेवलं. दुसऱ्याच दिवशी त्यांची बदली जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर झाली, आणि त्यांच्या जागी अध्यक्षांचे मेहुणे आले.

मला कुणी हलवलं नाही. "तपासणीला कागद लागतो, तो राहू द्या," अध्यक्ष म्हणाले. केंद्रात पदविका होती, फक्त शिकलेलं माणूस नव्हतं.

मेहुणे वाईट नव्हते. कष्टाळू होते, तीच पंचाईत. पहिल्याच दिवशी नळी पाहून त्यांनी कपाळावर हात मारला. "पाणी पिवळं! बाईंनी इतकी वर्षं गावाला हे पाजलं?" मग ते रोज क्लोरीन कमी करत गेले. चौथ्या दिवशी थेंब टाकूनही पाणी होतं तसंच राहिलं. त्यांनी नळी चौकीदारांसमोर धरली. "बघा काका, कसं मोत्यासारखं!"

मला सगळं कळत होतं, आणि माझा जीव तुटत होता. खाली पडून लक्ष वेधावं म्हटलं, तर खिळा चांगला ठोकलेला.

आठव्या दिवशी चौकीदारांची नात जुलाब-उलट्यांनी दवाखान्यात. तिथे खाटा पुरेनात. चौकीदार तडक बाईंच्या टेबलापाशी गेले, हे मला नंतर कळलं.

"काका, नोंद करायचीय का?" बाईंनी जपून विचारलं.

"नोंदीची वेळ येऊ नये म्हणून आलोय. चल पोरी."

बाईंनी येताच पुरवठा बंद केला. क्लोरीन वाढवलं. नळीमागे धरायची पांढरी टाइल मेहुण्यांच्या चहाने तपकिरी झाली होती, रंग समजेना. बाईंनी मला उतरवलं, चौकटीतून काढलं आणि उलटं धरलं. माझ्या कोऱ्या पाठीसमोर पाणी हळूहळू पिवळं झालं.

"अहो, परत खराब झालं!" मेहुणे ओरडले.

"आता पिण्याजोगं झालं," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी खुर्ची ओढून मेहुण्यांना शेजारी बसवलं. शिकवायला.

नात वाचली. बाई केंद्रातल्या आपल्या जागी परतल्या. मी पुन्हा खिळ्यावर आहे, कोपऱ्यात दुमडलेली, पाठीवर एक पिवळा डाग.

कधी तपासणीला आलात, तर माझं तोंड वाचून समाधान मानू नका. बाई कुठे आहेत, ते विचारा. नसतील, तर आमच्याकडे पाणी पिऊ नका.