डुलकी

पुढे इस्त्रीचं दुकान, मागे घर. थोरले दीर गिऱ्हाइकांशी बोलायला खुर्चीत, नवरा कपडे पोचवायला, आणि धाकटी सून सकाळपासून इस्त्रीच्या टेबलापाशी उभी. तिला सगळे डुलकी म्हणत. दोन वर्षांपासून तिचा उभ्या उभ्या डोळा लागायचा. एकदा तर इस्त्री पांढऱ्या शर्टावर तशीच राहिली. तो करपलेला शर्ट दिरांनी खिळ्याला टांगला होता. "बघा, आमच्या डुलकीची करामत!" असं म्हणून ते येणाऱ्याजाणाऱ्याला हसवत. तीही हसायची. दुसरं काय करणार?

तीन आठवड्यांपूर्वी लेकीने तिला हट्टाने दवाखान्यात नेलं. एक दिवस छातीला यंत्र लावून ठोके नोंदवले.

"बाई, ही झोप नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमचं हृदय मधेच पाच-सहा सेकंद थांबतं. पेसमेकर बसवायला हवा, आणि लगेच."

सहीसाठी कागद मिळाला. घरी आल्यावर दीर म्हणाले, "पोरीचं जमेपर्यंत कुणी ब्र काढायचा नाही. आईच्या छातीत यंत्र म्हटल्यावर पोरीला कोण करून घेईल?" नवऱ्याने मान खाली घातली. लेकीला तिने शपथ घातली. कागद टेबलावरच्या जाड कापडाखाली सरकवला आणि रोज त्याच्यावरच इस्त्री फिरवू लागली. रडायलाही तिला उसंत नव्हती.

आज पाहुणे आले होते. मुलगा शांत होता, त्याची आई चौकस.

"घरात काही आजारपण?"

"छे हो! सगळे ठणठणीत," दीर म्हणाले.

धाकटी चहाचा ट्रे घेऊन आली आणि दारातच कोसळली. कपांचा चुराडा झाला. दीर मोठ्याने हसले. "लागली आमच्या डुलकीला डुलकी!"

लेक धावली. आईचं मनगट धरून ती ठोके मोजत राहिली. धाकटीने डोळे उघडले, तसं तिला लेकीचं ओरडणं ऐकू आलं.

"हसू नका काका! आई झोपत नाही, तिचं हृदय बंद पडतं. तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे!"

मुलाच्या आईने पर्स उचलली. "आधी सांगितलं असतं तर खेपच वाचली असती." मुलगाही निमूटपणे तिच्यामागे गेला.

"केलंस स्वतःचं वाटोळं!" दीर पुतणीवर खेकसले.

धाकटी भिंतीला धरून उठली. आयुष्यात पहिल्यांदाच दिरांकडे तिने नजर वर करून पाहिलं.

"वाटोळं तिचं नाही झालं, भावोजी. माझं होता होता राहिलं. असल्या घरात मीच तिला दिली नसती."

ती दुकानात गेली. कापडाखालून कागद काढला. उष्णतेने तो पिवळा पडला होता. तिने सही केली.

"मग इस्त्री कोण करणार?" दिरांनी विचारलं.

नवऱ्याने पुढे होऊन इस्त्रीचं बटण बंद केलं, खिळ्यावरचा शर्ट ओढून काढला आणि बायकोच्या चपला तिच्या पायांशी ठेवल्या.

वाचकहो, तुमच्या घरातही कुणाला असंच एखादं नाव पडलं असेल. पुढच्या वेळी हसण्याआधी तिचं मनगट हातात घ्या आणि ठोके मोजा.