जांभळी पट्टी

बाळ रडलं की मी शिलाई मशीन चालवायचे. सुईत दोरा असो नसो, पाय मारत राहायचं. अकरा दिवस हेच चाललं होतं. खिडकीखाली बंदुका घेतलेल्या आमच्याच लोकांचा नाका, आणि माझ्या खोलीत ‘त्यांच्यातली’ बाई, तीन आठवड्यांचं मूल घेऊन.

शेजारच्या घराची धाकटी सून. आळीभर तिला धाकटीच म्हणायचे. बाळाचं औषध आणायला गेली, परत आली तर घर पेटलेलं आणि घरच्यांना रस्त्यापलीकडे हाकललेलं. ती माझा जिना चढली आणि मी मागून दार लावलं. त्यात मोठेपणा काही नाही. दारातल्या बाळंतिणीला कुणी ‘पुढे जा’ म्हणतं का? हल्ली म्हणतात म्हणे.

मशीनच्या आवाजाने एकदा लंबू वर आला. तो नाक्यावरचा म्होरक्या. त्याच्या शाळेच्या चड्ड्या मीच शिवलेल्या. कपाटामागे धाकटी बाळाला छातीशी दाबून उभी होती. मी पाय मारतच राहिले.

“मावशी, दिवसभर काय शिवतेस गं? गिऱ्हाईक तर एक दिसत नाही.”

“कफनं. तुमच्या कृपेने चांगली मागणी आहे.”

तो हसला आणि जांभळ्या कापडाचा तागा आणून टाकला. दंडावर बांधायच्या पट्ट्या शिवायच्या. पट्टी असेल तो आपला, नसेल त्याला गोळी. मी शिवल्या. मला माझ्याच हातांची शिसारी आली, पण मशीन चालवायला कारण मिळालं.

मग धाकटीचं दूध आटलं. बाळ आधी मशीनच्या वर आवाज काढून रडायचं, नंतर रडेनासंच झालं. त्याची जास्त भीती वाटली.

“मावशी, मी जाते,” धाकटी म्हणाली. “एक पट्टी मला द्या.”

रस्त्याच्या मधोमध जळकी बस होती, तिच्याजवळ नळ. दुपारी लंबू जेवायला जायचा तेव्हा नाक्यावर बाहेरची पोरं असत. ती तोंड ओळखत नव्हती, पट्टी ओळखत होती. बाळ छातीशी, हातात बादली घेऊन बसपर्यंत जायचं, तिथे पट्टी ओढून फेकायची आणि समोरच्या, तिच्या लोकांच्या वाळूच्या पोत्यांकडे चालू लागायचं. तिकडे जांभळा रंग दिसला की गोळी.

“गाठ सुटायची,” मी म्हणाले. “बाहीवरच टाके घालते. हिसडा मारलास की निघेल.”

ती बाळाच्या ओठांवर चमच्याने साखरपाणी सोडत होती. ते गिळतंय का, याकडे माझे डोळे. हात आपलं काम करत होते.

नाक्यावरून ती सुटली. मी खिडकीत होते. बसजवळ तिने बादली ठेवली, हिसडा मारला. पुन्हा मारला. मग दात लावले.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कच्चा धावदोरा घालायचा होता. मी दुहेरी टीप मारली होती. जित्याची खोड! चाळीस वर्षांत माझी शिवण उसवल्याची तक्रार नाही, याचा केवढा तोरा मला. आग लागो त्या तोऱ्याला.

पलीकडून कुणीतरी ओरडलं. बंदूक वर झाली. धाकटीने बाळ डांबरी रस्त्यावर ठेवलं. दोन्ही हातांनी कुडता डोक्यावरून ओढून काढला आणि फेकून दिला. मग बाळाला दोन्ही हातांत उंच धरून, नुसत्या शमीजवर, ती चालत गेली. दोन्हीकडचे पुरुष बघत होते. आमच्या नाक्यावरून कुणीतरी शिट्टी मारली. गोळी कुणी झाडली नाही. पोत्यांमागून दोन हात आले आणि त्यांनी तिला आत ओढलं.

मी जमिनीवर बसून रडले. ती जगली म्हणून रडले, आणि लाजेने रडले. माझ्यासमोरसुद्धा ती भिंतीकडे तोंड करून बाळाला पाजायची.

जिन्यावर पावलं वाजली. लंबू एकटा नव्हता. त्याच्या हातात तो कुडता होता. त्याने पट्टी ओढून पाहिली, निघाली नाही.

“मावशी, हे तुझंच काम ना?”

“माझंच,” मी म्हणाले. “चुकलं. कच्चा दोरा घालायला हवा होता.”