राजाच्या मिशीला चिकटलेला चिकू

हे कुणाला खरं वाटणार नाही, आणि वाटावं म्हणून मी शपथाही घेणार नाही, पण पहिलं महायुद्ध आमच्या घोलवडच्या चिकूमुळे पेटलं. मी हे पहिल्यांदा सांगितलं ते गेल्या बुधवारी दुपारी सव्वातीनला, देवेशशेठच्या पॅकिंग शेडमध्ये. वेळ नेमकी लक्षात आहे, कारण चार वाजता ट्रक यायचा होता आणि तोवर मला कसंही करून बोलत राहायचं होतं.

झालं असं की दिल्लीच्या व्यापाऱ्याने व्हिडिओ पाठवला. आमच्या पेटीतले चिकू आठ दिवस ठेवले तरी पिकायचं नाव घेईनात. शेवटी त्याच्या सासऱ्यांनी तसाच एक चावला आणि त्यांचे ओठ चिकटून बसले. व्हिडिओत सासरे नुसते डोळे फिरवत होते. देवेशशेठ काही हसला नाही.

"कोवळा माल पेटीत गेला कसा?" तो म्हणाला. "निवडायला तुम्ही दोघंच. ज्याच्या हातून गेला असेल तो उद्यापासून गेटवर बसेल."

दोघं म्हणजे मी आणि जमना. जमना तलासरीहून येते, वीस वर्षं माझ्यासमोर बसून चिकू निवडते. आमचं काम नखाचं. फळाच्या सालीवर अंगठ्याचं नख हळूच ओढायचं. खाली हिरवं दिसलं तर फळ कोवळं, ते बाजूला. पिवळसर दिसलं तर तयार, ते पेटीत. कोवळा तोडलेला चिकू नीट पिकत नाही, नुसता सुरकुततो आणि आत चीक धरून बसतो.

आता गेटचं सांगतो. आमच्या वाडीच्या गेटसमोर दुसऱ्याच्या वाडीचं कुंपण. दिवसभरात एक पोस्टमन येतो, तोही फोन कानाला लावून. आधी तिथे बसायचा तो माणूस तीन महिन्यांत कुत्र्याशी बोलायला लागला, आणि मग कुत्रंच उठून दुसऱ्या वाडीत गेलं. मला तिथे बसवलं असतं तर आठवड्यात माझ्या जिभेला बुरशी आली असती.

शेडच्या कोपऱ्यात पंख्याखाली देवेशशेठची बायको सुधाताई बसली होती. ती शाळेत इतिहास शिकवते. पेपर तपासता तपासता तिने कपाळाला हात लावला. "पहिल्या महायुद्धाची कारणं विचारली, तर निम्म्या वर्गाने एकच लिहिलंय, राजपुत्राला गोळी घातली. गुप्त करार नाहीत, शस्त्रांची स्पर्धा नाही, वसाहतींची ओढाताण नाही."

मला तेवढंच हवं होतं. "ताई, पोरांचं चुकलंच, पण तुमचं पुस्तकही अर्धंच आहे. त्यात चिकू राहिला."

"चहा संपवा, काका," देवेशशेठ म्हणाला. "मग पेटीचं बोलू."

उजवा हात सदऱ्याच्या खिशात होता, तो तिथेच राहू दिला. डाव्या हाताने कप उचलला आणि सुरू झालो.

"माझे आजोबा भिका इथेच चिकू निवडायचे. एकोणीसशे चौदाचा मे महिना. डहाणूच्या एका साहेबाने युरोपातल्या एका राजाला चिकूची पेटी पाठवायची ठरवली."

"कुठल्या राजाला?" सुधाताईने विचारलं.

"नाव घेत नाही. घरचे लोक अजून आहेत, उगाच त्यांना वाईट वाटेल. मिशी एवढी की राजा दारातून आडवा होऊन आत शिरायचा."

"पुढे."

"पुढे काय, तेव्हाचा युरोप म्हणजे आपली भरलेली पेटी. सगळे देश एकमेकांना खेटून. आणि प्रत्येकाने कुणाशी तरी गुपचूप ठरवलेलं, तुला कुणी बोट लावलं तर मी धावून येतो. त्यात सगळ्यांनी नव्या तोफा घेऊन ठेवलेल्या. नवी तोफ नुसती पडून राहिली की सेनापतीला जेवण जात नाही."

"हे बरोबर आहे," सुधाताई म्हणाली आणि तिने लाल पेन खाली ठेवलं.

"शिवाय परक्यांच्या जमिनी. अर्धी दुनिया दोघातिघांनी आधीच बळकावलेली. ज्याला कमी मिळाली तो दुसऱ्याच्या ताटाकडे बघत बसायचा."

"हेही बरोबर."

"त्यात तो राजपुत्र मारला गेला. सगळे तापले. तरी अजून मिटलं असतं, ताई. शेजारच्या देशाचा राजदूत मिशीवाल्याकडे आला आणि म्हणाला, आत्ताच्या आत्ता सांगा, लढायचं की मिटवायचं. राजाला मिटवायचंच होतं. पण चांगलं बोलायच्या आधी तोंड गोड करावं म्हणून त्याने आपल्या पेटीतला एक चिकू उचलला आणि कचकन चावला."

"कोवळा होता," देवेशशेठ म्हणाला.

"दगड होता. खालचा ओठ वरच्या ओठाला, वरचा ओठ मिशीला, आणि मिशी राजदूताच्या कोटाच्या बटणाला. राजदूत विचारतोय, मिटवायचं ना महाराज? महाराज नुसते डोळे फिरवतायत. आता त्यांच्या देशात डोळे फिरवणं म्हणजे आईवरून शिवी. राजदूत बटण तोडून जो पळाला, तो सरळ आपल्या राजधानीत."

देवेशशेठ हसला. आधी खांदे हलले, मग सगळाच हलायला लागला. मी घड्याळाकडे पाहिलं. पावणेचार.

"राणी मात्र शहाणी. तिने डहाणूला तार केली, ओठ कसे सोडवावेत? इथून उत्तर गेलं, खोबरेल तेल कोमट करून लावा. तेल शोधून, तापवून, लावून राजाचं तोंड सुटलं. पहिलाच शब्द निघाला, थांबा. पण सेनापतीने सैन्याच्या गाड्या सोडून दिल्या होत्या. वेळापत्रक आधीच छापलेलं. एक गाडी थांबवली तर मागच्या शंभर अडकतात, मग कोण थांबवतंय? गाड्या हद्दीपार गेल्या. एक देश उठला म्हणून त्याचा दोस्त उठला, दोस्त उठला म्हणून दोस्ताचा दुश्मन उठला. चार वर्षं चाललं."

सुधाताई डोळे पुसत म्हणाली, "चिकू सोडला तर दहापैकी सात देते."

देवेशशेठचा श्वास जागेवर आला. "पण भिका आजोबांच्या हातून कोवळा चिकू गेला कसा?"

मी आवाज खाली आणला. "त्यांचा दोष नव्हता, शेठ. आदल्या रविवारी डब्याचं झाकण उघडताना उजव्या अंगठ्याचं नख मुळापासून तुटलं. नुसतं चाचपून निवडत राहिले. निवडणाऱ्या माणसाने नख गेलं हे कुठल्या तोंडाने सांगायचं? नख काय, महिन्यात परत येतं. तेवढ्यासाठी कुणी माणसाला गेटवर बसवतं का?"

देवेशशेठचा चेहरा मऊ पडला. तेवढ्यात बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. "जाऊ दे," म्हणत तो उठला. "या वेळी सोडून देऊ." माझ्या जिवात जीव आला. मी उरलेला चहा एका घोटात संपवला.

 इतका वेळ जमना खाली मान घालून चिकू निवडत होती. आता तिने हातातलं फळ टेबलावर ठेवलं.

"शेठ, जरा थांबा. एकनाथकाका, गेल्या वर्षी महालक्ष्मीच्या जत्रेला विवळवेढ्याला जाताना तुम्ही काय सांगितलं होतं मला?"

"मी बरंच सांगतो. सगळं कुठे लक्षात राहतं?"

"माझ्या आहे लक्षात. भिका आजोबांचे दोन्ही अंगठे लहानपणीच समुद्रात मुशी माशाने खाल्ले, म्हणालात. अर्धा रस्ता मी टेम्पोत रडत होते." ती जागची उठली आणि टेबलाला वळसा घालून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "अंगठेच नव्हते, तर नख तुटलं कुणाचं? खोटं बोलताय तुम्ही. खिशातला हात काढा बाहेर."